माजरीची मुकी खोली

पौषातलं धुकं भद्रावतीवर उतरतं ते पांढरं राहत नाही. खाणींच्या अंगाने येताना कोळशाची भुकटी सोबत घेऊन येतं आणि सकाळी दोरीवरच्या चादरीला हात लावला की बोटं काळी होतात. त्या दिवशी तर ऊन वर यायचं नाव घेत नव्हतं. मुश्ताक पिंजाऱ्याच्या अंगणात कापसाची गाठोडी ताडपत्रीखाली दडपून ठेवली होती, कारण दमट कापूस मशीनमध्ये घातला की फुलत नाही, त्याच्या गुठळ्या होतात. ऐन रजयांचा हंगाम आणि मशीन बंद.

मग तो हातांना खोबरेल चोळून दगडी कापूस घेऊन बसला. दगडी कापूस हे त्याने ठेवलेलं नाव. दुकानदार त्याला रॉकवूल म्हणतात. दगड भट्टीत वितळवून त्याचे तंतू काढतात आणि त्यांच्या जाड पाट्या करून विकतात. पाटी कापायची, लाकडी चौकटीत बसवायची, वरून कापड ताणून मागे पिना ठोकायच्या, की भिंतीवर लावायचं पॅनल तयार. तेल न लावता हात घातला तर दिवसभर अंगाला खाज सुटते. एरवी साध्या कापसासारखाच हा कापूस, फक्त ऊब देण्याऐवजी आवाज पितो.

समोर रहमतबी मरून रंगाचं कापड ताणत होती. मुश्ताक मान खाली घालून सुरी चालवत होता. एकदम त्याच्या मांडीवर रुमाल येऊन पडला.

त्याने वर पाहिलं. रहमतबी त्याच्याकडेच बघत होती.

"तोंडाले बांधा म्हटलं. भुसा नाकात जाते."

"मंग तोंडानं सांगाले काय झालं? फेकून काऊन मारते?"

ती पुन्हा कापडाकडे वळली. मुश्ताकने रुमाल बांधला. तिने तोंडाने सांगितलं असणार. एकदा नाही, दोनदा-तीनदा सांगितलं असणार.

ही भीती मागच्या आठवड्यात सुरू झाली होती. जवळच्या माजरी गावात लोकेशच्या घरी सिनेमाची खोली जवळजवळ पुरी झाली होती. मुश्ताक आत गेला, जाड दार लोटून घेतलं आणि एकटाच बसला. आणि काय ती शांतता! आयुष्यात अशी खोली त्याच्या हातून झाली नव्हती. खाणीच्या टिपर ट्रकांची घरघर नाही, शेजारच्या पिठाच्या गिरणीची फटफट नाही. बाहेर येऊन त्याने छाती काढून लोकेशला सांगून टाकलं, "भाऊ, खदानीचा भोंगा बी आत नाई यायचा." त्याच आनंदात घरी येऊन गॅसजवळच्या पाटावर टेकला, तर रहमतबी अंगणातून धावत आली आणि तिने गॅस बंद केला. कुकरमधून धूर निघत होता.

"शिट्टीवर शिट्टी होऊन राह्यली, अन् तुमी बाजूले बसून आहा. भात कोळसा झाला."

कुकर त्याच्या डाव्या हाताशी होता. हात लांब केला असता तर पोचला असता. त्याला एकही शिट्टी ऐकू आली नव्हती.

त्या रात्री तो जेवला नाही. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घुसला होता आणि तो कोणाला विचारता येत नव्हता. माजरीची ती शांतता खोलीत होती, की त्याच्या कानात?

ज्याची रोजीच कानांवर चालते, त्याच्यासाठी हा प्रश्न मरणाच्या बरोबरीचा होता. मुश्ताकचा बाप खांद्यावर पिंजण टाकून वरोऱ्यापासून चिमूरपर्यंत गावं फिरायचा. पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीचं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची तात. तातीवर लाकडी मोगरीचा ठोका मारला की ती थरथरते आणि तिला लागलेला कापूस उडून फुलतो. लहानपणी मुश्ताक त्या टणत्काराने जागा व्हायचा. पुढे लग्नाच्या साली त्याने विजेची मशीन घेतली. समोरच्या खोलीत जागा अरुंद, म्हणून ती भिंतीला लावून अशी बसवली की दिवसभर ती त्याच्या डाव्या कानाशी ओरडत राहिली. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. रहमतबी तेव्हापासून म्हणायची, "सारं घर कापसानं भरलं आहे, दोन बोळे कानात नाई घालता येत तुमाले?" तो हसून सोडून द्यायचा. कानात कापूस मेलेल्याच्या घालतात, म्हणायचा.

मग फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजाऱ्याकडे लोक फक्त थंडीत वळू लागले. त्याच दिवसांत चंद्रपुरात एक जुनं टॉकीज नव्याने बांधायला काढलं. भिंती भरणारा माणूस नागपूरच्या ठेकेदाराला मिळेना, तेव्हा कोणीतरी म्हणालं, पिंजारी बोलवा, भरायचं काम त्यालाच जमतं. मुश्ताक उन्हाळाभर तिथे राबला आणि दोन गोष्टी शिकून आला. खोलीतला आवाज खोलीतच घुमत राहतो तो वेगळा, त्याला पॅनल पाहिजे. बाहेरचा आवाज आत येतो किंवा आतला बाहेर जातो तो वेगळा. त्याला भिंतीच्या आत दुसरी भिंत पाहिजे, दोन भिंतींमध्ये रबर पाहिजे आणि केसाएवढी फट राहून चालत नाही. आवाज पाण्यासारखा असतो, फट दिसली की शिरलाच.

पुढे वरोऱ्याचे एक डॉक्टर, मूलचे राइस मिलवाले, ताडोबाच्या वाटेवरचं एक रिसॉर्ट असं करत त्याचं नाव झालं. घरात सिनेमाची खोली करायची तर मुश्ताकला बोलवा. आणि त्याची पारख करायची रीत सगळ्यांच्या तोंडी झाली. तो रिकाम्या खोलीत बापाची पिंजण घेऊन जायचा, तातीवर मोगरीचा एकच ठोका मारायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. आवाज कुठल्या कोपऱ्यात जाऊन अडकतो, कुठून उलटून येतो, हे ऐकून खडूने भिंतीवर खुणा करायचा. खुणेच्या जागी पॅनल. यंत्र नाही, मोजमाप नाही. नागपूरचा ठेकेदारही म्हणायचा, मुश्ताकचे कान म्हणजे काय विचारता.

आता तेच कान.

धुकं थोडं विरळ झालं तशी मुश्ताकने मोटरसायकल काढली. तयार पॅनल आदल्या दिवशीच पोचली होती. शेवटची दोन पाठीमागे बांधली, पिंजण आडवी धरून रहमतबी मागे बसली. दारावरच्या जाड पडद्याची शिवण तिथेच घालायची होती. शिवाय आज पारखीचा दिवस होता. लोकेशने सांगून ठेवलं होतं, दुपारी खाणीत सुरुंगाचा बार उडवण्याआधी भोंगा वाजतो, तेव्हा खोलीत बसून पाहू.

माजरीच्या रस्त्याला लागल्यावर टिपरांची रांग सुरू झाली. रांग डावी बाजू अडवून उभी होती, म्हणून मुश्ताक उजव्या कडेने चालवत होता. समोर धुकं, बाजूला धुरळा, आणि डोक्यात भोंगा. एकाएकी रहमतबीने त्याच्या कमरेला असा चिमटा काढला की हँडल वळलं. गाडी उजवीकडे रस्त्याखाली मुरुमात उतरली. त्याच क्षणी डाव्या अंगाने, चुकीच्या बाजूने, कोळशाने भरलेला एक ट्रक मागून येऊन पुढे निघून गेला. त्याच्या चाकांचा वारा मुश्ताकच्या तोंडावर आला. ड्रायव्हर खिडकीतून मागे वळून हातवारे करत होता.

गाडी बंद पडली होती. मुश्ताकने पाय टेकून ती तोलून धरली.

"हॉर्न देऊन देऊन त्याचा हात दुखला असंन," रहमतबी म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता.

"कामाचा विचार होता डोक्यात."

"हो."

एवढंच म्हणून ती पिंजण सावरून बसली. पुढचा सगळा रस्ता तिने त्याच्या खांद्यावर डाव्या बाजूला हात ठेवला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, गाडीवर ती नेहमी मागचं कॅरियर धरून बसायची.

लोकेशचं घर वस्तीच्या टोकाला. जवानी सगळी त्याने खाणीत डंपर चालवण्यात घालवली होती. आता स्वतःचे टिपर होते आणि तो बांधकामांवर मुरूम-गिट्टी टाकायचा. सिनेमाचा शौक मोठा. पण टीव्ही लावला की घर हादरायचं, म्हणून शेवटी त्याने मागच्या बाजूला, आईच्या खोलीला लागून ही वेगळी खोली करायला घेतली.

त्याची आई सोनीबाई ओसरीत उन्हाच्या तुकड्यात बसली होती. मुश्ताकला पाहून म्हणाली, "आला का गा, आवाज कोंडणारा? याच्या सिनेमात मारामारी सुरू झाली का माह्या पलंग सरकते. आता तं बंद होईन नं?"

"होईन बाई."

"अन् नाई झालं तं?"

मुश्ताक गाडीवरची पॅनल सोडायला वळला. एरवी त्याने दोन बोल सुनावले असते.

लोकेशची बायको दिव्या चहा घेऊन आली. लोकेश उत्साहात होता. "मुश्ताकभाऊ, आज पास झाली का संध्याकाळीच पिक्चर. काय?"

"आधी मले आत एकटं जाऊ दे," मुश्ताक म्हणाला.

त्याने पिंजण घेतली, आत गेला, दार लोटलं. दाराच्या कडांना रबर होतं, ते दाबून बसलं. मरून कापडाच्या भिंती, खाली गालिचा, समोर पांढरा पडदा. पुन्हा तीच शांतता. मागच्या आठवड्यात तिने त्याला सुख दिलं होतं. आज ती त्याच्या दोन्ही बाजूंनी जवळ येऊन बसली.

त्याने ठोका मारला. टणत्कार झाला आणि जागच्या जागी विझला, कोपऱ्यात कुठे अडकला नाही. बरं वाटलं. मग मनात आलं, हा आवाज मी कानाने ऐकला की हाताने? तात थरथरते ती मुठीत कळतेच, बापाच्या काळापासून कळते. त्याने पिंजण गुडघ्यांत धरली, डावा कान बोटाने दाबला आणि ठोका मारला. आवाज होता तसाच. जणू बोट घातलंच नव्हतं. मग उजवा कान दाबला. बोट दोनदा निसटलं. मोगरी डाव्या हाताने कशीबशी मारली.

तात डोळ्यांना थरथरताना दिसत होती. आवाज आला तो दोन रजया अंगावर घेऊन झोपलेल्या माणसाला अंगणातलं बोलणं ऐकू यावं तसा.

मुश्ताक गालिच्यावर बसला. दार उघडून पळून जावं, पिंजण इथेच टाकून द्यावी, आजारी आहे म्हणून सांगावं. पण आजारी आहे म्हणून किती दिवस सांगणार? त्याने स्वतःला समजावलं, उजवा आहे ना अजून. उजवा शाबूत आहे. मग त्याला आठवलं की कुकरची शिट्टी उजव्या कानानेही सांगितली नव्हती.

दार उघडलं. लोकेश आत आला, मागून पडद्याचं कापड घेऊन रहमतबी.

"भोंग्याची वेळ झाली," लोकेश म्हणाला. "दिव्याले बाहेर उभी केली आहे. भोंगा सुरू झाला का ते मले फोन लावते. फोनचा आवाज बंद करून ठेवला. फोन चमकला म्हणजे बाहेर भोंगा चालू. तवा आपल्याले आत आयकू आला का, पाऊ. बाई, तू बी बस तिथी. शिवू नको, सुईचा आवाज यायचा."

"सुईचा कुठी आवाज येते भाऊ?" रहमतबी म्हणाली आणि कोपऱ्यात बसली.

दार बंद झालं. तिघं बसले. लोकेशने फोन मांडीवर उताणा ठेवला. मुश्ताकने मनातल्या मनात एक युक्ती करून ठेवली होती आणि तिची त्याला लाज वाटत होती. तो लोकेशचा चेहरा वाचणार होता. लोकेशच्या कपाळाला आठी पडली, त्याने कान टवकारला, की आपण आधीच म्हणायचं, हां, थोडं राह्यलं आहे, करतो. चेहरा मोकळा राहिला की म्हणायचं, बघ, म्हटलं नव्हतं? असं करूनही काम निभावेल. निभावायलाच हवं.

फोन चमकला.

मुश्ताकला काही ऐकू आलं नाही. तो लोकेशच्या तोंडाकडे टक लावून होता. लोकेश फोनकडे पाहत होता, मग छताकडे, मग दाराकडे, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखं हसू पसरत गेलं. मुश्ताकच्या छातीवरचा दगड हलला. त्याने सहज कोपऱ्यात पाहिलं.

रहमतबीची नजर वर गेली होती. दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे, एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथे. मांजर पालीकडे पाहतं तशी ती त्या एका पॅनलकडे पाहत होती. मग तिने मुश्ताककडे पाहिलं आणि झटकन डोळे खाली वळवले.

फोनचा उजेड विझला. थोड्या वेळाने गालिच्याखालून तळपायांना बारीक धक्का जाणवला. खाणीत बार उडाला होता.

"जमलं गा मुश्ताकभाऊ," लोकेश उठून उभा राहिला. "भोंगा म्हणून काही चीजच नाई. मी तं साऱ्या वस्तीले आणून दाखवतो." तो आईला सांगायला बाहेर गेला.

मुश्ताक हात धुवायच्या निमित्ताने मागच्या टाकीवर गेला. रहमतबी मागून आली आणि त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"पाइपापासून आला," ती म्हणाली. "चांगला आला. गल्लीतल्या लग्नाचा बँड घरात बसून यावा तेवढा."

मुश्ताक तोंडावर पाणी मारत राहिला.

"तुमाले नाई आला," ती म्हणाली. हे तिने विचारलं नव्हतं.

"कधीपासून मालूम तुले?"

"उन्हाळ्यापासून. आपल्या पोरीचा, निशातचा फोन वाजत राहते अन् तुमी बाजूले बसून राहता."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"भेव लागलं. बोलली असती तं खरं झालं असतं." तिने पदराने डोळे पुसले नाहीत, फक्त टाकीच्या काठावरची शेवाळ नखाने खरवडलं. "आता एक सांगू? त्याले बी नाई आला भोंगा. घर त्याचं, खोली त्याची, तो खूश आहे. आपन चूप राह्यलो तं कोन विचारते?"

हे मुश्ताकच्याही मनात येऊन गेलं होतं. चूप राहता येत होतं. एसीवाला पाइपाचं भोक बुजवून गेला असं म्हणाला होता. मुश्ताकने खोलीत बसून ऐकलं होतं, काही आलं नव्हतं, म्हणून पॅनल काढून पाहिलं नव्हतं. एवढीच चूक. पण आज सुटलो तरी पुढच्या खोलीत काय? तिथे पुन्हा कोणाचा तरी चेहरा वाचायचा. आणि रहमतबी सोबत नसेल तर? सगळं आयुष्य आता लोकांची तोंडं बघत, ओठ बघत, हसू कुठे आलं ते बघत काढायचं? त्याला रस्त्यावरचा तो ट्रकचा वारा आठवला. या भीतीपेक्षा लाज बरी, असं त्याला वाटलं. लाज एकदाच येते.

तो ओसरीत गेला. लोकेश आईला खोलीचं कौतुक सांगत होता.

"लोकेशभाऊ, भोंगा आत येते."

लोकेश हसला. "काऊन मजाक करतो? मी तिथीच होतो नं. मले तं नाई आला."

"मले बी नाई आला. हिले आला."

लोकेशचं हसू अर्ध्यात थांबलं. त्याने रहमतबीकडे पाहिलं. "बाई, तुह्या मनाचे खेळ असंन. भोंगा येणार आहे म्हणून ध्यान लावून बसली तं येतेच आयकू."

"पाइपावरच्या पॅनलातून आला भाऊ."

"अन् आमी दोघं बहिरे आहो का?"

सोनीबाईने मुलाकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. लोकेश चिडला. "दिव्या, इकडे ये बरं. तू चाल आत. आता तं भोंगा नाई. सांग, आत काई आयकू येते का."

सगळे पुन्हा खोलीत गेले. सोनीबाईसुद्धा काठी टेकत आली. दार बंद झालं. लोकेश मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"आता सांग. आहे का काही आवाज?"

दिव्या गोंधळली. "म्हणजे तो सोडून?"

"कोनता तो?"

तिने पडद्याखालच्या काळ्या डब्याकडे बोट दाखवलं. विजेचा दाब सांभाळायचा स्टॅबिलायझर होता. "हे चीं करून राह्यलं तो. लावला त्या दिवसापासून वाजते. मले वाटलं, असंच राहत असंन. तुमी काई बोलले नाई म्हणून मी बी नाई बोलली."

"मच्छर कानाशी आल्यावानी," रहमतबी हळूच म्हणाली.

सोनीबाई म्हातारी. तिने पदर मागे सारून कान पुढे केला. "मले नाई येत बाप्पा," ती म्हणाली. "पन मी तं म्हातारी आहो."

लोकेश डब्याजवळ गुडघ्यावर बसला. त्याने कान जवळ नेला, मग आणखी जवळ, मग डब्याच्या पत्र्यालाच टेकवला. मुश्ताक त्याच्या शेजारी बसला आणि त्यानेही उजवा कान लावला. दोघांचे चेहरे समोरासमोर आले, मध्ये तो डबा. पत्रा कोमट होता, गालाला बारीक थरथर लागत होती. बाकी काही नव्हतं. मुश्ताकने लोकेशच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिथे त्याला तेच दिसलं जे आठवडाभर त्याच्या पोटात होतं.

"बंद तं नाई?" लोकेशने विचारलं.

"चालूच आहे जी," दिव्या म्हणाली. "मोठ्यानं वाजून राह्यला."

लोकेश उठला नाही. गालिच्यावर तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "डंपरचं इंजिन असं मांडीखाली राहते. कॅबिनमधी सारा दिवस. सगळेच चालवते. कोनाले काई झालं, असं कोनी कधी म्हटलं नाई."

"म्हणून टीव्ही एवढा मोठा लावता का तुमी?" दिव्याने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला ते आत्ता, बोलता बोलताच कळत होतं. "मले वाटलं शौक आहे."

"मले बी शौकच वाटत होता," लोकेश म्हणाला.

मुश्ताकने कबूल करून टाकलं की डावा कान गेल्यातच जमा आहे आणि उजवाही बारीक आवाज सोडून देतो. पिंजण घेऊन कोणाच्या खोलीत एकटं जाऊन ठोका मारायचे दिवस संपले, हे त्याने स्वतःच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. लोकेश रागावेल, काम परत घे म्हणेल, गावभर सांगेल, याची तो वाट पाहत होता.

लोकेश म्हणाला, "मुश्ताकभाऊ, चंद्रपूरले कानाच्या डॉक्टरकडे जाशीन नं तू?"

"जावंच लागंन."

"मले सांगजो. एकट्यानं जावाले भेव लागते मले." मग म्हणाला, "अन् तिथी त्यानं नाव पुकारलं तं आपल्यापैकी आयकंन कोन? या दोघींले बी नेऊ."

दिव्या हसली. रहमतबी हसली नाही. तिने स्टूल ओढून कोपऱ्यात लावलं.

मुश्ताक स्टुलावर चढला, पॅनल उचकटलं. भोकात पाइपाभोवती एसीवाल्याने वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वरून पांढरा लेप फिरवला होता. लेपाला तडा गेला होता. मुश्ताकने बोळा ओढून काढला तसा बाहेरचा उजेड आत आला. त्याने दगडी कापसाचे तुकडे काडीने आत ठासायला सुरुवात केली. दिव्या भिंतीच्या बाहेरून मोबाइलवर गाणं लावून उभी राहिली आणि रहमतबी आतून सांगत गेली.

"खालून येऊन राह्यला. अजून. डाव्या अंगाले. हां, आता कमी. अजून थोडासा."

मुश्ताकला गाणं ऐकू येत नव्हतं. तो तिच्या आवाजाच्या भरवशावर काडी फिरवत होता. प्रत्येक वेळी ती थांबली की त्याला धसका बसायचा, ती खरंच थांबली की आपल्याला तेही ऐकू येईनासं झालं? मग तो मान वळवून तिच्याकडे पाहायचा आणि तिचे ओठ हलत नाहीत ना, ते बघून घ्यायचा. शेवटी ती म्हणाली, "झालं. गेलं." त्याने वरून लवचीक लेप भरला, पॅनल पुन्हा बसवलं. भोंग्याची पारख आता उद्या होणार होती, आणि ती रहमतबी करणार होती.

बाहेर येईपर्यंत धुकं पूर्ण उठलं होतं. ओसरीत सोनीबाई मांडीवर एक उशी घेऊन बसली होती. मुश्ताकला पाहून तिने ती उचलून दाखवली. मग काही मनात आलं म्हणून हाताने खूण करून त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या उजव्या कानाशी बोलली.

"कानाचं पाऊ मंग. तू गादीवाला होय नं? हे उशी पाय. गोटा झाली आहे नुसती. रात्रभर मान दुखते."

मुश्ताकने उशी हातात घेतली, दाबून पाहिली. आतला कापूस जुना, वर्षानुवर्षांच्या तेलाने चिकटलेला. पण धागा चिवट होता, जुन्या देशी वाणाचा. खिशातून ब्लेड काढून तो उन्हात पायरीवर बसला. शिवण उसवली, कापूस फडक्यावर ओतला आणि एकेक गुठळी दोन्ही हातांनी मोकळी करू लागला.